फायबरच्या नावेचे कुजलेले आधार कसे बदलाल?



विषय ऐकून काही जण म्हणतील, कृषी विस्तार अधिकाऱ्याने धानावर बोलावं, लाखोरी-जवसावर बोलावं, नावेशी त्याचा काय संबंध? पण आपला भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी मालगुजारांनी बांधलेले तलाव आणि बोड्या अजूनही आपल्या बांध्यांना पाणी देतात आणि त्याच तलावांत रोहू, कटला, मृगळ वाढतात. वैनगंगा जिल्ह्याच्या अंगाला लागून वाहते. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. पुढे पाणी अडलं, पात्र रुंदावलं. अंभोऱ्याला आता मोठा पूल झाला आहे, पण दर गावाला पूल नाही. ज्यांच्या काही बांध्या पाण्याच्या पलीकडे आहेत, त्यांना रोवणीच्या बाया, पऱ्ह्याच्या पेंढ्या, खताची पोती नावेतूनच न्यावी लागतात. ढिवर बांधवांचं तर पोटच नावेवर आहे. तेव्हा नाव हे शेतीचंच औजार आहे असं मी मानतो.

पूर्वी लाकडाचा डोंगा असायचा. तो कुजला की दिसायचा. आता फायबरच्या नावा आल्या. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन नावाचं घट्ट होणारं रसायन यांचा थर. तो कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. म्हणून आपण समजतो की फायबरची नाव अमर आहे. इथेच फसगत होते. फायबरचा तळ जाडीने जेमतेम चार-सहा मिलिमीटर असतो. तो एकटा भार सोसू शकत नाही. म्हणून जुन्या बनावटीच्या बऱ्याच नावांत तळाच्या आत लांबीच्या बाजूने लाकडाचे दोन दांडे आणि त्यांना आडव्या अशा चार-पाच लाकडी फासळ्या बसवून त्यांवर फायबर चढवलेलं असतं. वर उभं राहायला फळीची पाटी असते. घराला जसा आढा आणि वासे, तसे नावेला हे दांडे आणि फासळ्या. कुजतात ते हे. आणि ते झाकलेले असल्यामुळे कुजलेले दिसत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो. चूक माझी होती, म्हणून सांगायला संकोच नको. काही वर्षांपूर्वी पवनी तालुक्यातल्या एका गावी नदीपलीकडच्या धानावर तुडतुडे पडले होते. ते पाहायला मी गावच्या नावेतून गेलो. नावेत पाय ठेवला तर गादीवर पाय ठेवल्यासारखी पाटी दबली. नावाडी म्हणाला, “साहेब, मधात बसा जी. पयले दोघं जण नाव ढकलत होतो, आता चौघं लागते.” मी पदवीचा माणूस, लगेच सल्ला दिला की वरून बारा मिलिमीटरचा प्लायवूड स्क्रूने ठोका आणि फटींत डांबर ओता. त्यांनी साहेब सांगतात म्हणून तसंच केलं. पुढच्या श्रावणात रोवणीच्या बाया घेऊन ती नाव निघाली, आणि काठ वीस-पंचवीस हातांवर असताना मधली पाटी खाली गेली. तळाला आडवी चीर पडली, पाणी भसभसा आत आलं. नावाडी हुशार, त्याने नाव तशीच काठाकडे घातली. सगळ्या जणी उतरल्या, कोणाला इजा झाली नाही. पऱ्ह्याच्या पेंढ्या मात्र वाहून गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा एक म्हातारी बाई मला म्हणाली, “साहेब, फळी त मजबूत होती जी. खाली दांडाच नवता.”

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. त्यानंतर मी हे काम शिकायचं ठरवलं. कूलरच्या टाक्या बनवणारा एक फायबर मिस्त्री आणि गावातला एक वाढई, या दोघांच्या हाताखाली मी तीच नाव उघडली. त्यातून जे समजलं ते आज तुम्हांला सांगतो.

आधी लाकूड का कुजतं ते पाहू. लाकूड कुजवणारी ही बुरशीच आहे. धानाच्या पऱ्ह्यावर किंवा कोठीतल्या ओल्या दाण्यावर येणाऱ्या बुरशीची ती भाऊबंद समजा. तिला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि ऊब. लाकडातली ओल शेकडा वीसच्या खाली असेल तर ती वाढू शकत नाही. तुम्ही धान कोठीत भरताना दाणा दाताखाली कटकन तुटतो की नाही ते पाहता, ते याच कारणाने. उलट लाकूड कायम पाण्याखाली बुडालेलं असेल तर हवा न मिळाल्याने बुरशीचं चालत नाही. जुन्या विहिरींच्या तळाशी जांभळाच्या लाकडाची चौकट घालत, ती वर्षानुवर्षं टिकते, ती यामुळेच. नावेतल्या दांड्याची अवस्था या दोन्हींच्या मधली. स्क्रूच्या भोकातून, फायबरच्या बारीक भेगेतून पाणी आत झिरपतं आणि वर फायबरचं वेष्टण असल्यामुळे बाहेर पडू शकत नाही. पूर्ण बुडतही नाही, वाळतही नाही. वर आपला वैशाखाचा उन्हाळा. बुरशीला याहून चांगली जागा कुठली? म्हणजे लाकूड उघडं असतं तर एखादेवेळी जास्त टिकलं असतं. मी वरून प्लायवूड ठोकायला सांगितला तेव्हा साठ-सत्तर नवी भोकं पाडली आणि होती ती हवाही कोंडली.

तुमच्या नावेचे आधार शाबूत आहेत की नाहीत हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. नाव कोरडी करून काठावर घ्या. हातोडीच्या दांड्याने पाटी आणि दांडे बोटभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या लाकडावर आवाज टणक येतो, हात उसळतो. कुजलेल्या जागी ‘बद्द’ असा आवाज येतो, जसा पिचक्या मडक्याचा. अशी जागा खडूने घेरा. मग शंका असेल तिथे दांड्याच्या वरच्या अंगाने, तळाकडून मुळीच नाही, चार मिलिमीटरचं भोक पाडा आणि भुसा तळहातावर घ्या. फिकट, कोरडा, लाकडाचा वास येणारा भुसा असेल तर दांडा ठीक आहे. काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा असेल तर तो गेला. भोकातून पाणीच ठिबकलं तर पुढे तपासायचीही गरज नाही. चांगली निघालेली भोकं त्याच दिवशी बुजवा, नाहीतर तपासणीच रोगाचं कारण व्हायची.

आणखी काही खुणा सांगतो. नाव पूर्वीपेक्षा जड झाली, पाण्यात जास्त खोल बसू लागली. रिकामी नाव चालवताना तळ लाटेबरोबर धडधडतो. बाहेरच्या रंगावर केसासारख्या भेगा, विशेषतः दांड्याच्या रेषेत. ज्यांच्या नावेला मागे मोटर आहे त्यांनी मोटरचं डोकं धरून मागेपुढे हलवून पाहावं. मागची फळी मोटरबरोबर हलली तर ती आतून कुजली आहे. ती फळी आणि तिच्या बोल्टची भोकं ही सगळ्यांत आधी सडणारी जागा.

तळालाच आरपार भेगा असतील, थर सुटून कागदासारखे वेगळे होत असतील, तर नवे दांडे बसवून उपयोग नाही. त्या नावेत माणसं बसवू नका. ती वैरण-पाण्यालाही नको. पण तळ शाबूत आणि फक्त आधार गेले असतील, आणि बहुतेक ठिकाणी असंच असतं, तर नाव नवीसारखी होते.

काम कधी करायचं? रब्बी निघाल्यावर, होळीच्या आगेमागे. तेव्हा हवा कोरडी, पाणी उतरलेलं आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. मे महिन्याच्या आपल्या ४४-४५ अंशांत रेझिन हातातल्या भांड्यातच दगड होतं. पावसाळ्यात लाकूड वाळत नाही आणि रेझिन नीट पकडत नाही. मार्चमध्येही रेझिनचं काम सकाळी दहाच्या आत उरका, सावलीत करा. जागा निवडताना एक पथ्य कटाक्षाने पाळा. फायबर घासताना काचेची बारीक भुकटी उडते. हे काम खळ्याजवळ, तणशीच्या ढिगाजवळ, गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला किंवा पाण्याच्या टाक्याशेजारी करू नका. ती भुकटी वैरणीत गेली तर जनावराच्या पोटात जाते. खाली ताडपत्री अंथरा, भुकटी आणि तुकडे पोत्यात भरा, ते तलावात टाकू नका, जाळूही नका.

आता नाव बसवणं. इथे घाई करणारे सगळ्यांत जास्त पस्तावतात. दांडे काढले की फायबरचा तळ कणकेच्या पोळीसारखा लवचीक होतो. त्या वेळी तो ज्या आकारात बसलेला असेल त्याच आकारात नवा दांडा त्याला कायमचा पकडून ठेवतो. वाकडा बसला असेल तर नाव जन्मभर एका अंगाला ओढते. म्हणून सपाट जागेवर वाळूची पोती मांडून नाव त्यांवर अशी बसवा की तळ सर्व बाजूंनी टेकलेला असेल, कुठेही अधांतरी नको. दोन्ही काठांवर तीन ठिकाणी आडवे बांबू बांधून रुंदी पक्की करा. नाकापासून मागच्या फळीपर्यंत मधोमध दोरी ताणा आणि दोरीपासून तळापर्यंतचं अंतर हातभर अंतरावर मोजून वहीत लिहा. दांड्यांची उंची, जाडी, एकमेकांपासूनचं अंतर, सगळं कापण्यापूर्वी लिहून ठेवा. पुठ्ठा कापून तळाच्या गोलाईचा साचा प्रत्येक फासळीशी करून ठेवा. कुजलेला दांडा बाहेर येताना चुरा होऊन येतो, मग माप घ्यायला काही उरत नाही.

पाटी कापताना कडेला चार बोटं पट्टी राखा, म्हणजे नवी पाटी तिच्यावर टेकते. ग्राइंडरच्या पात्याची खोली ठरवून घ्या. थोडं खोल गेलं तर तळच कापला जातो. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला चांगला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचं जुनं कापड हवंच. काम झालं की आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने त्वचेची रंध्रं उघडून काचेचा खाजरा आत शिरतो असं मिस्त्री म्हणतात, आणि मी एकदा गरम पाण्याने अंघोळ करून रात्रभर खाजवत बसलो आहे.

सगळे दांडे एकदम काढू नका. एक काढा, बसवा, घट्ट होऊ द्या, मग दुसरा. दांड्याच्या वरचं फायबर कापून आतलं लाकूड पटाशीने खरवडून काढा. निरोगी लाकडाशी आलात असं वाटलं तरी हातभर पुढे जा. बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. करपलेलं पान तोडताना आपण थोडा हिरवा भागही घेतो, तसंच. मग तळ उघडा ठेवून वाळू द्या. मी आठ दिवस धरतो. तळाला चिकटलेले जुन्या फायबरचे उरलेले काठ, जुना रंग आणि डांबर पूर्ण घासून काढा, चाळीस नंबरच्या खरखरीत कागदाने पृष्ठभाग खडबडीत करा, आणि शेवटी ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसा. डांबर, तेल, मेण यांवर रेझिन धरत नाही. आमच्या नावेत सगळ्यांत जास्त मेहनत गेली ती माझ्या सल्ल्याने ओतलेलं डांबर काढण्यात.

लाकूड कुठलं घ्यावं? साग आपल्याकडचाच आणि टिकाऊ, पण फक्त आतला गाभा. कडेचा पांढरा भाग एका पावसात मऊ होतो. सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे रेझिन लावण्याआधी तो ॲसिटोनने दोनदा पुसा. साग परवडत नसेल तर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेला मरीन प्लायवूड घ्या, त्याच्या दोन पट्ट्या चिकटवून दांडा करा. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरा काहीही देतो, शिक्का स्वतः पाहा. लाकूड वाळलं की नाही याची घरगुती कसोटी अशी: त्यातला एक तुकडा दर आठ दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. जळकं ऑइल लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ते इथे लावू नका.

कोचीनच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या हलक्या लाकडाला औषध मुरवून, वरून फायबर चढवून होड्या तयार केल्या. म्हणजे साधं लाकूडही टिकतं. पण आधी औषध आणि मग वेष्टण, उलट नव्हे.

काही ठिकाणी मिस्त्री लाकूड वापरतच नाहीत. पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा उभा अर्धा भाग तळावर पालथा ठेवतात आणि त्यावर फायबरचे थर चढवतात. मला ही रीत पटली. कुजायला आत काही उरतच नाही. मात्र तेव्हा सगळा भार फायबरनेच सोसायचा असतो, पाइप फक्त साचा. म्हणून तीन थरांच्या जागी पाच-सहा थर द्यावे लागतात. बांबूचा अर्धा भाग असाच वापरता येतो, वाळलेला असेल तर. पण साचा म्हणून थर्माकोल घेऊ नका. पॉलिस्टर रेझिन लागताच थर्माकोल साखरेसारखा विरघळतो.

आता रसायनाबद्दल, आणि हा भाग घरातल्या तरुण मुलांनाही वाचून दाखवा. पॉलिस्टर रेझिनला घट्ट करायला दोन औषधं लागतात. एक जांभळ्या रंगाचं, त्याला कोबाल्ट म्हणतात. दुसरं पाण्यासारखं पांढरं, त्याला हार्डनर म्हणतात. ही दोन्ही औषधं एकमेकांत थेट कधीही, थेंबभरही मिसळू नका. त्यांचा भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, रंग एकसारखा झाला की मगच हार्डनर घालायचं. दोघांना वेगळे चमचे, वेगळे मापाचे पेले ठेवा. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं येतं, घेताना विचारा. हार्डनरची बाटली उन्हात, लोखंडी डब्यात किंवा शेतीच्या औषधांच्या फळीवर ठेवू नका. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. पंधरा मिनिटं तरी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. काम चालू असताना विडी नाही, चूल नाही.

मार्चच्या सकाळी अर्धा किलो रेझिनला पाच ते सात मिलिलिटर हार्डनर पुरतं. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका, आणि ते खोल डब्यात नव्हे, पसरट थाळीत ठेवा. खोल डब्यात ते आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडतं. वीसेक मिनिटांत ते दह्यासारखं थिजू लागेल. थिजू लागलेलं रेझिन फेकून द्या, त्यात आणखी काही घालून ते परत येत नाही. सावकाश घट्ट व्हावं म्हणून हार्डनर फारच कमी केलं तर रेझिन कायम कच्चं राहतं, हेही लक्षात असू द्या.

इपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन मिळतं. ते महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं. मागच्या फळीला मी तेच सुचवतो. त्याच्याबरोबर सुटी मॅट न घेता विणलेलं काचकापड घ्या, आणि एकदा इपॉक्सी वापरली की तिच्यावर पॉलिस्टर चढवू नका, ते सुटून येतं.

नवा दांडा सर्व अंगांना रेझिनने दोन हात द्या, टोकांना तीन. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, उसाच्या कांडीसारखं. दांडा तळावर सरळ टेकवू नका. लाकडाची धार तळाला टोचत राहिली तर त्याच रेषेवर पुढे चीर पडते. तळ आणि दांडा यांत करंगळीच्या निम्म्याइतकी फट ठेवून ती लांबीने भरा. लांबी म्हणजे रेझिनमध्ये टाल्क पावडर आणि मॅटचे बारीक कातरलेले तुकडे कालवून केलेला घट्ट लगदा. दोरीवरून आणि वहीतल्या मापांवरून दांडा सरळ आहे ना ते पुन्हा पाहा. मग दांडा आणि तळ यांच्या कोपऱ्यात तोच लगदा भरून अंगठ्याने गोलवा द्या. मॅट काटकोनात वळत नाही, तिच्याखाली हवा राहते, आणि हवा राहिली की तिथे पुढे पाणी येतं. गोलवा हवाच.

आता मॅटच्या पट्ट्या. पहिली पट्टी दांड्याच्या दोन्ही अंगांना तळावर तीन बोटं येईल अशी, दुसरी चार बोटं, तिसरी पाच. पायऱ्या-पायऱ्यांनी भार पसरतो. रेझिनने आधी जागा ओली करा, पट्टी ठेवा, ब्रशने थोपटा. रंग देतो तसा ब्रश ओढू नका. मॅट पांढरी दिसते तोवर ती कोरडी आहे, पारदर्शक झाली की भिजली. बुडबुडे लोखंडी रोलरने बाहेर काढा.

सामान किती लागेल याचा हिशेब करून दाखवतो, म्हणजे दुकानात फसायला नको. समजा अठरा फुटी नावेत चौदा फुटांचे दोन दांडे आहेत. दोन्ही मिळून साडेआठ मीटर. दांडा दहा सेंटिमीटर उंच, पाच रुंद, तर त्यावरून जाणारी आणि दोन्हीकडे तळावर टेकणारी पट्टी सरासरी चाळीस सेंटिमीटर रुंद हवी. म्हणजे एका थराला साधारण ३.४ चौरस मीटर, तीन थरांना १०.२ चौरस मीटर. ४५० ग्रॅमची मॅट घेतली तर साडेचार किलोच्या वर थोडी. रेझिन मॅटच्या सव्वादोन पट, म्हणजे साडेदहा किलो. लाकडाचे हात आणि लांबी यांना आणखी तीन-चार किलो धरा. फासळ्यांचा हिशेब याच रीतीने वेगळा करा.

आडव्या फासळ्या बसवताना एक गोष्ट विसरू नका, आणि ही नाव बनवणारेही कितीदा विसरतात. प्रत्येक फासळीच्या खाली, तळालगत, पाणी जायला वाट ठेवा. बांधीला जशी पाणी उतरायची खांड असते, तशी. अर्ध्या इंची पाइपाचा तुकडा तिथे लगद्यात बसवला की लाकूड उघडं राहत नाही आणि पाणी सरळ मागे सर्वांत खालच्या जागी जमतं. तिथे बूच ठेवा. ज्या नावेत ही वाट नव्हती, तिच्या प्रत्येक कप्प्यात मला चिखल सापडला आहे, आणि त्या चिखलाच्या वरचंच लाकूड आधी गेलेलं होतं.

पाटी बसवताना तिचं खालचं अंगही रेझिनने माखा. आपण वरून रंग देतो आणि खालून कोरडी सोडतो. स्क्रू शक्य तितके कमी. जिथे स्क्रू किंवा बोल्ट हवाच, तिथे भोक आधी जास्त मोठं पाडा, ते लगद्याने भरा, घट्ट झालं की त्या लगद्यात मापाचं भोक पाडा. मग बोल्ट लाकडाला लागतच नाही. मोटरच्या फळीला हे केल्याशिवाय बोल्ट लावू नका. पाटीला एक-दोन झाकणं ठेवा, म्हणजे आत हात घालून पाहता येईल आणि नाव काठावर असताना हवा खेळेल. बसायच्या फळ्यांखाली रिकामे, झाकण घट्ट असलेले प्लॅस्टिकचे कॅन बांधून टाका. नाव भरलीच तर तरंगत राहायला तेवढाच आधार.

शेवटचा थर दिल्यावर आठ दिवस नावेला पाणी दाखवू नका. मग आधी काठाजवळ, मांडीएवढ्या पाण्यात परीक्षा घ्या. माणसांची नको. वाळूचे चाळीस-चाळीस किलोचे कट्टे तोलून भरा. जितकी माणसं नेता तितक्या वजनाचे, आणि वर दोन. पाटीची झाकणं उघडून दोन तास पाहत बसा. तळाला कुठे घाम आला का, दांड्याच्या कडेला पांढरी रेषा उमटली का, पाटी दबते का? दुसऱ्या दिवशी नाव काठावर घेऊन हातोडीच्या दांड्याने सगळीकडे पुन्हा ठोकून आवाज ऐका आणि वहीत तारीख घाला. हे ठोकणं दर वर्षी होळीला करा.

त्या पवनी तालुक्यातल्या नावेत आम्ही बारा कट्टे भरले होते. ती म्हातारी बाई काठावर बसून होती. कट्टे काढल्यावर ती सगळ्यांच्या आधी नावेत चढली, मधोमध उभी राहिली आणि पाय दोनदा आपटून पाहिला. मग खाली उतरली आणि म्हणाली, “आता वाजते जी.”

ज्या गावांत अशा जुन्या नावा आहेत तिथल्या मंडळींनी पाऊस लागण्याआधी त्या काठावर घेऊन तपासाव्यात. आधार कुजलेले निघाले आणि यंदा दुरुस्ती जमण्यासारखी नसेल, तर रोवणीला त्या नावेतून बाया नेऊ नका, दुसऱ्या गावची नाव मागून आणा.